ओढीचा हिशेब

कोणी सिद्धपुरुष पाण्यावरून चालत गेला, कोणी मृगाजिन पसरून नदी उतरला, अशा कथा आपण देवळाच्या सभामंडपात बसून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथांत तपश्चर्या असते, सिद्धी असते. दोर मात्र कोठेच नसतो. १९२२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, लेक सिटी नावाच्या गावी, राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने पाण्यावर उभे राहण्याचा घाट घातला, तेव्हा त्याच्यापाशी दोर होता, दोन फळ्या होत्या, आणि पुढे होडी हाकणारा सख्खा भाऊ होता. प्रथम त्याने पिंपाच्या फळ्या पायांस बांधून पाहिल्या. मग बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्या. दोन्ही बुडाल्या. शेवटी लाकूड विकत आणून आठ फूट लांबीच्या फळ्या केल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळविली, पावले अडकविण्यास चामड्याचे पट्टे ठोकले, आणि दोर म्हणून खिडकीची झडप वरखाली करण्याची दोरी घेतली. कित्येक वेळा नाकातोंडात पाणी गेल्यावर २ जुलै रोजी त्याच्या ध्यानात आले की, फळ्यांची टोके पाण्यावर ठेवून अंग मागे रेलले, तर पाणीच माणसाला उचलून धरते. पेपिन सरोवरावर त्या दिवशी जे घडले तेच आजचे वॉटर-स्कीइंग.

या कथेतला वकिलाला रुचणारा भाग पुढे आहे. सॅम्युएलसनने आपल्या युक्तीचा हक्क कोठेही नोंदविला नाही. १९२५ साली न्यूयॉर्ककडील फ्रेड वॉलर या गृहस्थांनी पाण्यावरच्या स्कीचे पेटंट घेतले. हेच वॉलर पुढे 'सिनेरामा' या विशाल पडद्याच्या चित्रपटपद्धतीचे जनक म्हणून गाजले. मिनेसोटाच्या त्या मुलाला आद्य स्कीपटू म्हणून अमेरिकन संघटनेची मान्यता मिळाली ती १९६६ साली, म्हणजे तो साठीच्या घरात आल्यावर. कागद आधी कोणी केला यालाच जगात महत्त्व येते, हे आम्ही अशिलांना नित्य सांगतो. येथे तो दाखला आयताच मिळाला.

वाचकांस वाटेल, वकिलाला या जलक्रीडेशी काय कर्तव्य? आमचा पाण्याशी संबंध खरोखर फेरीबोटीपुरता. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या एका दिवंगत स्नेह्याच्या पत्नी आपल्या मुलासह आमच्या कचेरीत आल्या. मुलगा सहा वर्षे आखातात जलक्रीडेच्या एका केंद्रावर नोकरी करून परतला होता, आणि शापोरा नदीच्या आतल्या अंगाला, जेथे लाट नाही व वारा बेताचा, तेथे वॉटर-स्कीचा धंदा काढण्याचे त्याच्या मनात होते. होडी हवी होती ती मात्र विजेची; परदेशातून आणावयाची. बँकेचे कर्ज, आणि त्यासाठी राहते घर व मागचे कुळागर गहाण. आपल्याकडील नागरी कायद्याप्रमाणे पतीच्या पश्चात त्या मिळकतीचा अर्धा वाटा विधवेचा. तेव्हा वयनींच्या सहीवाचून कर्जाचे पान हलणे शक्य नव्हते. त्यांनी कागदांची पिशवी आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "वकीलबाब, म्हाका ते बोटीचें कांय कळना. सही करूं काय नाका, तितलेंच सांगात."

तितलेंच सांगण्यासाठी आम्हांस दोन महिने लागले.

प्रथम होडी म्हणजे काय ते समजून घेणे भाग होते. स्कीपटूला ओढणारी खरी होडी आणि आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरविणारी होडी यांत रथ आणि गाडा यांच्याइतके अंतर आहे. तिचे इंजिन मागे टांगलेले नसते, मध्यभागी बसविलेले असते; दोर बांधण्याचा खांबही मागच्या काठाला न लावता मध्येच उभा केलेला असतो. कारण स्कीपटू सरळ रेषेत मागोमाग येत नाही. तो या बाजूहून त्या बाजूस झेपावतो, आणि दोर मागच्या टोकाला बांधला असता तर प्रत्येक झेपेस होडीचे शेपूट वळले असते. स्पर्धेचा मार्ग २५९ मीटरांचा. त्यात सहा बोये, मध्यरेषेपासून प्रत्येकी साडेअकरा मीटर दूर. पुरुषांच्या वरच्या स्पर्धेत होडी ताशी ५८ किलोमीटर वेगाने जाते; म्हणजे सगळा मामला सोळा सेकंदांत आटोपतो. दोर आरंभी १८.२५ मीटर असतो व जिंकणाऱ्यासाठी तो पायरीपायरीने आखूड करीत नेतात. एक पायरी ११.२५ मीटरांची आहे. येथे दोर बोयाच्या अंतराहूनही तोकडा झाला! उरलेले अंतर माणसाने आपल्या लांबविलेल्या हाताने आणि पाण्यावर जवळजवळ आडव्या झालेल्या देहाने भरून काढावयाचे. हे वाचून आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो होतो.

एवढ्या नाजूक खेळात दोन गोष्टी होडीकडून हव्या असतात. वेग तसूभर ढळू नये; आणि होडीमागे उठणारी लाट शक्य तितकी लहान असावी, कारण दर दोन बोयांमध्ये स्कीपटूला ती ओलांडावी लागते. पहिल्या गोष्टीत वीज पेट्रोलहून सरस आहे, हे निर्विवाद. विजेची मोटार पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर लावते. पाण्यात बसलेल्या माणसाला उचलून उभे करण्याच्या क्षणी हाच जोर लागतो. दुसऱ्या गोष्टीचा विचार पुढे येईल.

मुलाच्या आग्रहावरून आम्ही एका रविवारी सकाळी पेट्रोलच्या एका होडीत बसून हा खेळ पाहण्यास गेलो. होडीवाला परिचित, इंजिन जुने. होडीत चालकाखेरीज मागे तोंड करून बसणारा एक निरीक्षक असावा लागतो. ते काम आमच्याकडे आले. इंजिनाच्या घरघरीत शब्द ऐकू येत नाही, म्हणून सगळा संवाद हाताचा. अंगठा वर, म्हणजे वेग वाढवा. अंगठा खाली, म्हणजे कमी करा. डोक्यावर थाप, म्हणजे धक्क्याकडे चला. आमच्या धाकट्या पुतण्याने पाचव्या प्रयत्नात उभे राहून दाखविले आणि लगेच डोक्यावर थापा मारू लागला. आम्ही मात्र सवयीने मनगटी घड्याळ पाहत होतो. त्या सकाळी आम्ही दोन तास पाण्यावर होतो. त्यांपैकी दोर खरोखर ताणलेला होता तो पन्नास मिनिटेसुद्धा नाही. बाकीचा वेळ पडलेल्याला परत घेणे, दोर सोडविणे, जाकिटाचे बंद आवळणे, पुढच्याची समजूत घालणे, यात गेला. इंजिन मात्र सारा वेळ धडधडत होते आणि पाण्यावर त्याचा तेलकट तवंग इंद्रधनुष्यासारखा पसरत होता.

या घड्याळाने आमचे मत निम्मे फिरविले. आम्ही समजत होतो की वीज म्हणजे मोटारगाडी, आणि मोटारगाडीला पल्ला हवा. स्कीची होडी कोठेच जात नाही! ती त्याच एका फर्लांगात येरझारा घालते आणि दर तासाला त्याच धक्क्याला लागते. बॅटरी संपल्यावर भर समुद्रात अडकण्याचे भय तिला नाही, आणि थांबलेली मोटार वीज खात नाही. विजेच्या होडीची कल्पना नवीही नव्हे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पन्नासांहून अधिक विजेच्या होड्या प्रवाशांना फिरवीत होत्या. बव्हेरियातील क्योनिगसे या सरोवरावर १९०९ पासून प्रवासी होड्या विजेवरच चालतात. तेथील सेंट बार्थोलोमा या यात्रेच्या चर्चला जाणारे लोक निःशब्द पाण्यावरून जातात, आणि मध्येच होडी थांबवून नावाडी शिंग फुंकतो ते कड्यावरून परत येणारा प्रतिध्वनी ऐकविण्यासाठी. आपल्या देशातही केरळात वैकम येथे 'आदित्य' ही सूर्यशक्तीवरची फेरीबोट २०१७ पासून चालू झाली, आणि २०२३ साली कोचीत बॅटरीवर चालणाऱ्या होड्यांची सार्वजनिक सेवा सुरू झाली. ठराविक अंतर, ठराविक धक्का, मध्ये विसावा. या तीन अटी जेथे पुऱ्या होतात तेथे पाण्यावर वीज चालते.

परंतु फेरीबोट हळू जाते. ताशी ५८ किलोमीटरच्या वेगाला पाणी निराळ्या दराने कर आकारते. गाडी चाकांवर घरंगळते, पाय उचलला तरी काही अंतर जाते. होडीचा जोर काढला की चार हातांत ती बसते. म्हणून तिला सतत रेटावे लागते. आता हिशेब. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या बिलावरचे एक युनिट. एक लिटर पेट्रोलात सुमारे नऊ युनिटांची उष्णता असते. पण बोटीचे इंजिन तिचा जेमतेम चौथा हिस्सा पंख्यापर्यंत पोहोचविते, बाकीची पाण्यात व धुरात जाते. विजेची मोटार दहांतले नऊ हिस्से पोहोचविते. फ्लोरिडातील करेक्ट क्राफ्ट ही कंपनी १९२५ पासून होड्या बांधीत आहे. तिने २०२० च्या सुमारास नॉटिक या आपल्या नावाखाली विजेची जी होडी काढली, तिच्यात १२४ युनिटांची बॅटरी आहे. कामाच्या भाषेत हे सुमारे ५० लिटर पेट्रोल झाले. स्कीच्या होडीच्या टाकीत १०० लिटरांच्या आसपास पेट्रोल मावते. म्हणजे ही होडी नित्य अर्ध्या टाकीवर निघते असे समजावे. तिचे कर्तेही दोन ते तीन तासांच्या वापराचेच आश्वासन देतात. आमच्या घड्याळाप्रमाणे तेवढ्याने सकाळ निभते.

मग अडते कोठे? वजनात. पन्नास लिटर पेट्रोल चाळीस किलोंच्या आत. तेवढेच काम देणारी बॅटरी, किलोस दीडशे वॅट-तास धरले, तर आठशे किलोंच्या पुढे. इंजिन निघाल्याने काही भार उतरतो हे खरे, तरी दीड टनाच्या आसपासच्या होडीला हे ओझे जाणवल्यावाचून राहत नाही. जड होडी पाण्यात खोल बसते, आणि खोल बसलेली होडी मागे मोठी लाट उठविते. म्हणजे स्कीपटूला जी नको, नेमकी तीच.

येथे आम्हांस एक गंमत आढळली, आणि विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात तिचा उल्लेख नव्हता. अलीकडे अमेरिकेत स्कीहून लोकप्रिय झालेला दुसरा खेळ आहे. त्यात मनुष्य एकाच फळीवर होडीमागच्या लाटेवरच स्वार होतो. त्याला लाट मोठी हवी, म्हणून अशा होड्यांच्या पोटात मुद्दाम टाक्या करून शेकडो किलो पाणी भरतात. ज्याला ओझेच विकत हवे आहे, त्याला बॅटरीचे ओझे कसे डाचणार? नॉटिकची ती होडी याच जातीची. लॉस एंजेलिस येथे २०२१ साली निघालेल्या आर्क कंपनीने २०२४ साली जाहीर केलेली 'आर्क स्पोर्ट' हीही याच जातीची. तिची बॅटरी २२६ युनिटांची, आणि जाहीर झाली तेव्हाची किंमत २ लक्ष ५८ हजार डॉलर. मुलाला हवी होती वॉटर-स्कीची होडी, आणि पत्रकातली होडी होती लाटेची. ती ओढणार नाही असे नव्हे. नवशिक्यांना ओढील, पुष्कळ चांगले ओढील. पण आखातात ज्यांना त्याने शिकविले त्या तऱ्हेचे खेळाडू पैसे मोजून तिच्यामागे येणार नाहीत. हे मुलाला आम्ही दाखविले तेव्हा त्याने पत्रक उलटसुलट करून पाहिले आणि बराच वेळ काही बोलला नाही.

पैशाचा हिशेब त्या मानाने सरळ निघाला. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर रोजची पन्नास लिटरांची बचत पाच हजारांची. वीज दहा रुपये युनिट धरून, भरतानाची गळती मिळवून, रोजचे चौदाशे. निव्वळ लाभ छत्तीसशे. पावसाळ्याचे महिने जलक्रीडा बंद. उरलेल्यांत दोनशे दिवस काम मिळाले असे उदारपणे मानले, तर वर्षास सात लक्ष वीस हजार. तेल, प्लग आणि पट्ट्यांची बचत निराळी. आता विजेच्या व पेट्रोलच्या होडीच्या किमतीतील फरक, आयातकर सोडून, एक कोटी धरू. त्यावर दहा टक्क्यांनी केवळ व्याजच दहा लक्ष होते. बॅटरी किती वर्षे टिकेल हा प्रश्न तर आम्ही अजून विचारलाही नव्हता. घरच्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर १२४ युनिटे भरावयास दीड दिवस लागेल. रात्रीत भरावयाची तर धक्क्यापर्यंत तीन फेजची लाईन आणावी लागेल, आणि ती जेथवर आली होती तेथून धक्का अर्धा किलोमीटर होता.

मुलगा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, तुम्ही पेट्रोलचे पैसे मोजलेत. नदीचे कोण मोजणार?"

हा प्रश्न आमच्या कोर्टात चालणारा नव्हे, तरी तो फेटाळण्याइतके आम्ही निर्ढावलेले नाही. त्याचे म्हणणे असे की, पलीकडच्या काठावर देऊळ आहे, संध्याकाळी तेथे आरती असते. आंबवणीच्या चिखलात किनारी पक्षी उतरतात. पहाटे खुबे काढणाऱ्या बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या असतात. त्यांच्यामधून दिवसभर पेट्रोलचे इंजिन फिरविणे त्याच्या मनाला पटत नव्हते. "विठ्ठलापुरात त्रिपुरारीला वाळवंटीत दिव्यांच्या होड्या सोडतात, तशा आमच्या नदीत सोडायच्या झाल्या तर तवंगात सोडणार काय?" असे त्याने विचारले. वयनी हे ऐकून प्रथमच मुलाकडे पाहून हसल्या. आम्ही एवढेच म्हणालो की, शांत होडीचाही एक धोका आहे: पाण्यात उभ्या बाईला ती येताना ऐकू येत नाही, आणि पंखा विजेवर फिरला म्हणून बोथट होत नाही. हे त्याला मान्य झाले. भोंगा आणि आखून दिलेला मार्ग यांची नोंद त्याने वहीत केली.

वीज आणि स्की यांचा निर्वेध मेळ जर्मनीत साठ वर्षांपूर्वीच घातला गेला आहे, हेही आम्ही त्याच्या कानावर घातले. ब्रुनो रिक्सेन या अभियंत्याने सरोवराभोवती खांब उभारून वरून फिरता तारदोर नेला. किनाऱ्यावरची एक मोटार तो फिरविते आणि त्याला धरून एकाच वेळी अनेक जण पाण्यावरून फिरतात. होडी नाही, बॅटरी नाही, लाट तर नाहीच. मुलाने आखातात तसे केंद्र पाहिले होते. पण त्यासाठी बंदिस्त पाणी लागते. भरतीओहोटीच्या नदीत, जेथून मासेमारीची होडकी जातात, तेथे खांब रोवण्यास कोण परवानगी देणार? डिचोलीकडे खाणींचे खड्डे पाण्याने भरून राहिलेले आहेत, असे कोणी सुचविले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील पट्टे रद्द केल्यापासून त्या जमिनींवर कोणाचा काय हक्क, यावर आमच्या व्यवसायबंधूंची एक पिढी पोसली जाईल. शिवाय ते पाणी खोल आणि काठ ढासळते. आम्ही नको म्हटले.

वयनींना आम्ही जे सांगितले ते येणेप्रमाणे. घर आणि कुळागर यांवर सही करू नये. होडीवर जेवढे कर्ज होडीच्याच तारणावर मिळेल तेवढेच घ्यावे, आणि त्यात येईल तीच होडी घ्यावी. पहिली दोन वर्षे लहान विजेची होडी पक्षी दाखविण्यास, आणि स्की शिकविण्यास एखादी वापरलेली पेट्रोलची होडी, तीही ठरलेल्या तासांपुरती. मुलाने यातले पहिले मान्य केले, दुसऱ्यावर तो आमच्याशी आजही भांडतो. पेट्रोलची होडी एकदा धक्क्याला बांधली की ती तेथून सुटत नाही, असे त्याचे म्हणणे; आणि हाती पैसा खेळू लागल्यावर माणसे काय करतात याचा आमचा अनुभव पाहता, तो चुकीचे बोलतो असे आम्हांस शपथेवर म्हणता येणार नाही. त्याने लांबचा हिशेब मांडला आहे. बॅटऱ्या गेल्या दहा वर्षांत स्वस्त झाल्या, आणखी होतील. त्या दिवशी ज्याच्या धक्क्यावर तीन फेजची लाईन असेल तो पुढे जाईल. म्हणून त्याने होडीआधी विजेचा अर्ज करावयाचे ठरविले.

कायद्याची एक सोय त्याच्या बाजूस आहे. १९१७ चा अंतर्देशीय नौकांचा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा आला. त्यात चालकशक्तीच्या प्रकारावरून नौकांचा खास वर्ग ठरविण्याची तरतूद आहे. कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कचेरीतली नोंदणी, जाकिटे, निरीक्षक, विमा, या कागदांची फाईल आम्ही त्याला करून दिली. फीचे बोलणे वयनींनी काढले. आम्ही कुळागरातले नारळ मागितले.

गेल्या पंधरवड्यात तो वीजजोडणीचा अर्ज घेऊन आला. अर्जात प्रयोजनाचा रकाना आहे: घरगुती, शेती, उद्योग, व्यापार. माणसांना पाण्यावरून ओढणे यांपैकी कशात बसते यावर आम्हां दोघांत अर्धा तास वाद झाला. त्याला 'शेती' लिहावयाचे होते, कारण दर कमी. आम्ही 'व्यापार' लिहिले, आणि जोडभार बावीस किलोवॅट.